‘शेड’चा भांग: छोट्या इंग्रजी शब्दाचं मूळ कसं शोधावं

मी बावीस वर्षांची असताना सोलापूरच्या अक्कलकोट रोडवरच्या एका चादरीच्या कारखान्यात पत्रव्यवहार बघायला लागले. त्या वर्षी कारखान्यात परदेशातून जुना रेपिअर माग, म्हणजे दांड्याने आडवा धागा नेणारा माग, आला आणि सोबत इंग्रजी माहितीपुस्तक. मालकांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, “बाई, मराठीत काढून द्या, पोरांना वाचायला.” त्यात एक वाक्य होतं: क्लिअर शेड मिळाल्याशिवाय यंत्र चालू करू नये. मी लिहिलं, ‘शेड पूर्ण मोकळी केल्याशिवाय यंत्र चालू करू नये.’ हेल्परांनी तसंच केलं. सुताचे कोन, उभे धागे गुंडाळायचे रिकामे बीम, कापडाचे गठ्ठे, सगळं त्या पत्र्याच्या शेडमधून बाहेर उन्हात काढलं. अर्धा दिवस गेला. माग चालू झाला तेव्हा उभे धागे पटापट तुटायला लागले.

रात्री जेवताना मी हे अण्णांना सांगितलं. अण्णा गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होते, पण घरी मागाबद्दल कधी बोलायचे नाहीत. पलीकडे आई धाकटीची वेणी घालायला बसली होती. अण्णांनी तिच्याकडे बोट केलं. “आई भांग पाडतेय ना, ती शेड. अर्धे धागे वर, अर्धे खाली, मधे वाट. ती चोख पडली नाही तर धोटा जाणार कुठून?” (धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारं मागाचं साधन.)

त्या रात्रीपासून मला छोट्या शब्दांचा नाद लागला. आता संध्याकाळी पूर्व भागातल्या आमच्या गल्लीत मुलांना इंग्रजी शिकवते, तेव्हा हीच पद्धत शिकवते. लांबलचक शब्दाला सहसा एखाददुसरा अर्थ असतो, तो कोशात बघितला की काम झालं. सेट, रन, पिक, बीम, शेड हे शब्द मात्र शेकडो वर्षं शेतात, घरात, कारखान्यात वापरले गेलेत. त्यांचे अर्थ पाठ करून भागत नाही. त्यांची चौकशी करावी लागते, आणि ती कशी करायची हे मी ‘शेड’वरच दाखवते.

कोशाला लगेच हात लावायचा नाही. एक वही घ्यायची आणि डाव्या पानावर तो शब्द असलेली, खरोखर कानावर पडलेली वाक्यं लिहायची. अर्थ लिहायचा नाही, वाक्यच लिहायचं, आणि कोण बोललं तेही. आमच्या वर्गात एका आठवड्यात जमलेली वाक्यं अशी: ‘शेडवर नवीन पत्रे टाकायचेत.’ ‘या लॉटची शेड फिकी आली, पार्टी माल घेणार नाही.’ ‘शेड नीट पडत नाही, ताणा तुटतोय.’ ‘आज लोडशेडिंग किती तास?’ ‘मामाच्या गावात वॉटरशेडचं काम चाललंय.’ पाठ्यपुस्तकांतून आणखी तीन-चार मिळाली. साप कात टाकतो, झाडं पानं गाळतात, माणूस अश्रू ढाळतो, वक्ता एखाद्या विषयावर प्रकाश टाकतो, या सगळ्याला इंग्रजीत क्रियापद एकच, शेड. रक्तपात म्हणजे ब्लडशेड.

ही यादी बघितल्यावर मुलं म्हणतात, “ताई, यांचा एकमेकांशी काय संबंध?” हा प्रश्न मुलांनीच विचारायला हवा, त्यासाठी मी थांबते. पत्र्याचं छप्पर आणि सापाची कात एका ओळीत आली की डोकं आपोआप कामाला लागतं.

आता उजव्या पानावर प्रत्येक वाक्यासमोर त्या शब्दाचं इंग्रजी स्पेलिंग लिहायचं. हे मराठी माणसासाठी फार महत्त्वाचं आहे, कारण आपल्या लिपीत ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’ वेगळे लिहायची सोय नाही. रंगाची शेड आणि पत्र्याची शेड आपण एकसारखीच लिहितो, बऱ्याचदा बोलतोही एकसारखीच. इंग्रजीत रंगाच्या शेडचा ‘ए’ लांबवतात आणि तिच्या स्पेलिंगमध्ये ए आणि शेवटी ई येतो. रंगखात्यातलं शेड कार्ड त्या शब्दाचं. म्हणजे डाव्या पानावरचं एक वाक्य इथेच वेगळं निघालं. त्याच्याभोवती चौकट करून ठेवा, ते नंतर लागणार आहे.

मग कोश. निदान मध्यम आकाराचा इंग्रजी कोश हवा, ज्यात शब्दाची व्युत्पत्ती दिलेली असते. मी सुरुवातीला सुट्टीच्या दिवशी हिराचंद नेमचंद वाचनालयात जाऊन बसायचे. आता मोबाइलवर चांगले कोश फुकट मिळतात, त्यामुळे ही अडचण कुणालाच नको. ‘शेड’ काढला की आधी शब्दाच्या डोक्यावर बारीक आकडा आहे का ते बघा. 1 आणि 2 असे आकडे दिसले तर कोशकार सांगतो आहे की हे दोन वेगळे शब्द आहेत, फक्त दिसायला सारखे. हा आकडा बहुतेक जण बघतच नाहीत आणि मग पत्र्याच्या छपरापासून सापाच्या कातीपर्यंत ओढूनताणून कथा रचतात. ‘शेड’च्या बाबतीत दोन नोंदी असतात. एका नोंदीत छप्पर. दुसरीत टाकणं, गाळणं, ढाळणं.

व्युत्पत्ती बहुधा चौकटी कंसात, नोंदीच्या शेवटी किंवा सुरुवातीला असते. तिथली आद्याक्षरं एकदा पाठ करून टाका. ओ आणि ई म्हणजे ओल्ड इंग्लिश, साधारण इ.स. 1100 पर्यंतची इंग्रजी. एम आणि ई म्हणजे मिडल इंग्लिश, तिथून सुमारे 1500 पर्यंतची. एखाद्या रूपाच्या आधी तारा असेल तर ते रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही. नात्यातल्या भाषांची तुलना करून विद्वानांनी ते बांधलेलं असतं. ताऱ्याचं रूप पूर्वीच्या कुणी म्हटलेलं म्हणून सांगू नका.

आणखी एक गोष्ट तपासा: तुमचा कोश अर्थ कोणत्या क्रमाने देतो? हल्लीचे बरेच कोश आज जास्त चालणारा अर्थ आधी देतात. ऑक्सफर्डचा तो मोठा कोश, जो 1884 ते 1928 या काळात भागाभागाने निघाला, तो सर्वांत जुना अर्थ आधी देतो आणि प्रत्येक अर्थाला जुन्या लिखाणातले उतारे जोडतो. पहिल्या क्रमांकाचा अर्थ हाच मूळ अर्थ, असं धरून चाललात तर निम्म्या कोशांत फसाल.

छपराची नोंद लवकर उरकते. ही ‘शेड’ पंधराव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागते आणि बहुतेक कोश तिला लांब ‘ए’च्या ‘शेड’ म्हणजे सावली, या शब्दाचंच बदललेलं रूप मानतात. सावलीसाठी केलेला आडोसा, म्हणून शेड. आता मघाशी चौकट केलेलं वाक्य बघा. रंगाची शेड हीसुद्धा सावलीच्याच शब्दातून आली. प्रकाश कमीजास्त झाला की रंग गडद-फिका दिसतो, त्यावरून. इंग्रजीत स्पेलिंग आणि उच्चार बदलून जे दोन शब्द वेगळे झाले, त्यांना आपण देवनागरीत पुन्हा एकत्र आणलं. पत्र्याची शेड आणि रंगाची शेड या खरोखरच एका घरातल्या.

दुसरी नोंद मात्र रेंगाळण्यासारखी आहे. तिथे जुनं इंग्रजी क्रियापद मिळतं, उच्चार साधारण ‘शेआदन’. अर्थ: वेगळं करणं, विभागणं. टाकणं नाही, सांडणं नाही. दोन भाग करणं. हा अर्थ आजच्या रोजच्या इंग्रजीत जवळजवळ उरलेला नाही, आणि म्हणूनच कात, पानं, अश्रू, रक्त यांच्यात काही दुवा दिसत नाही. मधला हरवलेला अर्थ सापडला की माळ ओवली जाते. आधी वेगळं करणं. मग वेगळं करून पसरणं, ओतणं, त्यातून रक्त सांडणं आणि अश्रू ढाळणं. मग स्वतःच्या अंगापासून वेगळं करणं, म्हणजे झाडाने पानं गाळणं, सापाने कात टाकणं. आणि अगदी अलीकडे, विजेच्या जाळ्याने आपल्यावरचा भार टाकणं.

लोडशेडिंगपाशी मी मुलांना जरा थांबवते, कारण आम्हा सोलापूरकरांना हा शब्द फार आतून माहीत आहे. विजेची मागणी पुरवठ्यापेक्षा वाढली की जाळ्याची वारंवारता 50 हर्ट्झच्या खाली घसरायला लागते. ती फार घसरली तर सगळंच बंद पडेल, म्हणून काही भागांची वीज तोडून तेवढा भार उतरवतात. सापाने कात टाकावी तसा जाळं भार टाकतं, आणि टाकलेल्या भागात आपण असतो. माग मधेच थांबला आणि पुन्हा चालू केला की कापडावर आडवी रेघ उमटण्याची भीती असते. सरकारी मराठीत याला भारनियमन म्हणतात. शब्द नीटनेटका आहे, पण मला तो पटत नाही. नियमन म्हणजे आवर घालणं, शिस्त लावणं. इंग्रजी शब्द सरळ सांगतो की भार टाकून दिला. ज्याच्या घरात अंधार झाला त्याला हा फरक कळतो.

अर्थ असा प्रवास करतो हे मुलांना परकं वाटू नये, म्हणून इथे एक मराठी शब्द शेजारी ठेवा. मी ‘सांडणे’ ठेवते. आज आपण दूध सांडतो, पाणी सांडतो. पण ज्ञानेश्वरीच्या काळच्या मराठीत सांडणे म्हणजे सोडून देणं, टाकणं. ‘सांडूनि’ म्हणजे ‘टाकून’. तो अर्थ आपण हरवला, जसा इंग्रजांनी विभागण्याचा हरवला. हे एक उदाहरण दिलं की मुलं घरून आणखी घेऊन येतात.

हरवलेला अर्थ रोजच्या बोलण्यातून गेला तरी कुठल्या तरी कोपऱ्यात टिकून असतो, तो कोपरा शोधायचा. तो बहुतेक वेळा कारागिरांच्या बोलीत सापडतो, कारण हत्यार आणि काम बदलत नाही तोवर त्यांना शब्द बदलायचं कारण नसतं. विणकामात तीन मुख्य क्रिया असतात: शेड पाडणं, आडवा धागा पार करणं, आणि फणीने तो ठोकून बसवणं. यातली पहिली म्हणजे शेडिंग. शेआदनचा हजार वर्षांपूर्वीचा अर्थ आमच्या कारखान्यात आजही तसाच्या तसा चालतो.

तो डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. अण्णांनी मला एका रविवारी ओळखीच्या मागावर नेलं होतं. माग बंद होता. त्यांनी हाताने यंत्र अर्धा फेरा फिरवलं आणि उभ्या धाग्यांची ती सपाट चादर मधून फाटल्यासारखी दोन झाली, एक वर, एक खाली. समोर फणी, मागे धाग्यांची टोकं मिटत जाणारी, आणि मधे आडवा पडलेला त्रिकोणी बोगदा. “हात घाल,” म्हणाले. मी हात घातला. वरचे धागे मनगटाच्या वर ताठ, खालचे तळहाताला टेकलेले, आणि खळीचा तो आंबूस वास. एकच धागा सैल पडून मधोमध लोंबत होता. अण्णांनी तो नखाने वर उचलला. “हा एक राहिला तरी धोटा त्याच्यावर आपटतो आणि उडतो. गिरणीत उडालेल्या धोट्याने माणसं जखमी झालेली बघितलीत मी.” क्लिअर शेड म्हणजे काय, हे मला तेव्हा हाताला कळलं. माहितीपुस्तकातलं वाक्य मी नव्याने लिहून दिलं: ‘वरचे आणि खालचे धागे पूर्ण सुटे झाल्याशिवाय यंत्र चालू करू नये.’

यानंतर काही वर्षांनी मोठ्या कोशात ‘शेड’ वाचत असताना एका ओळीपाशी मी थांबले. स्कॉटलंडमध्ये आणि इंग्लंडच्या उत्तरेकडच्या बोलीत शेड म्हणजे केसांचा भांग. अण्णांचं शिक्षण सातवीपर्यंत, इंग्रजी त्यांना येत नव्हतं. त्यांनी नुसतं काम बघून नेमकी तीच उपमा दिली होती. मी ते पान त्यांना वाचून दाखवलं तेव्हा म्हणाले, “मग बरोबरच आहे की. तिकडच्या बायकापण भांग पाडतच असतील.”

दुसरा कोपरा भूगोलात आहे. वॉटरशेड म्हणजे पाणी विभागणारी कड, जिच्या एका बाजूचा पाऊस एका नदीला आणि दुसऱ्या बाजूचा दुसऱ्या नदीला जातो. हा शब्द जर्मन ‘वासरशायड’वरून बेतलेला मानतात. वासर म्हणजे पाणी, आणि शायडन म्हणजे वेगळं करणं, म्हणजे आपल्या शेआदनचा सख्खा भाऊ. पुढे अर्थ सरकला. कडेवरून तो शब्द कडेच्या आतल्या सगळ्या जमिनीला लागला, आणि आपल्याकडे वॉटरशेड म्हणजे पाणलोट क्षेत्र झालं. मामाच्या गावातलं काम त्या अर्थाचं. मूळ अर्थ बघायचा असेल तर पुण्याच्या रस्त्याने निघा. लांबोटीला सीना ओलांडा, मोहोळला डावीकडे पंढरपूरचा रस्ता धरा. त्या रस्त्यावर कुठेतरी जमीन कळत-नकळत कूस बदलते. अलीकडे पडलेला थेंब सीनेला, पलीकडे पडलेला भीमेला. दोन्ही थेंब पुढे दक्षिण सोलापुरात हत्तरसंग-कुडलच्या संगमावर पुन्हा भेटतात. तिथल्या देवळात शके 940 चा, म्हणजे इ.स. 1018 चा मराठी शिलालेख आहे. त्यातल्या ओळीचा अर्थ, जो हे वाचील तो विजयी होईल. शब्दांच्या मागे लागलेल्या मुलांना मी तिथे आवर्जून नेते.

शेवटचं काम नातेवाईक शोधण्याचं, आणि इथेच सर्वांत जास्त सांभाळायचं. इंग्रजी आणि संस्कृत एका मोठ्या कुळातल्या भाषा आहेत, त्यामुळे खरी नाती सापडतात. शेआदन ज्या कुळातला, त्याच कुळात ग्रीकमधलं चिरणं आहे, ज्यातून ‘स्किझोफ्रेनिया’चा पहिला अर्धा भाग आला, आणि त्याच कुळात संस्कृतचा ‘छिद्’ धातू आहे. छेद, छिद्र, छिन्न, विच्छेद हे आपले रोजचे शब्द त्यातले. जर्मनमध्ये घटस्फोटाला ‘शायडुंग’ म्हणतात, आपल्याकडे विवाहविच्छेद. दोन टोकांच्या दोन भाषांनी एकाच मुळापासून एकाच दुःखाला नाव दिलं.

हे वाचून हुरूप येतो आणि मग प्रत्येक सारख्या आवाजाचा शब्द भाऊ वाटायला लागतो. मी स्वतः ठामपणे समजत होते की सावलीची ‘शेड’ आणि आपली ‘छाया’ एकच. आवाज जुळतो, अर्थ तर तंतोतंत जुळतो. पण नाही. छायेची ग्रीक बहीण ‘स्किआ’ आहे, सावली. इंग्रजी शेडचा ग्रीक भाऊ ‘स्कोटोस’, अंधार. दोन मुळं वेगळी. म्हणून नियम असा ठेवा: आवाज आणि अर्थ जुळला म्हणून नातं मानायचं नाही. दोन्ही शब्दांची जुनी रूपं पायरीपायरीने मागे नेऊन एका जागी पोचतात का, ते दोन वेगळ्या कोशांत बघायचं. तोवर वहीत पेन्सिलने लिहायचं.

शेजारच्या भाषांची गोष्ट मात्र वेगळी. आमच्या वर्गात निम्म्या मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, काहींच्या घरी कन्नड. मराठीत माग, तेलुगूत मग्गम, कन्नडमध्ये मग्ग. एकाच गल्लीत, एकाच धंद्यात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या लोकांचे शब्द असे जुळले तर देवाणघेवाणीचा विचार आधी करायचा. कुळाचा नंतर.

एका शब्दाला आठवडा लागतो. घाई करू नका आणि एका वेळी दोन शब्द घेऊ नका. पुढचा शब्द कोणता घ्यायचा हे मुलांनीच ठरवावं, फक्त तो त्यांच्या घरात ऐकू येणारा हवा.

मागच्या सोमवारी सातवीतला एक मुलगा उशिरा आला. हाताला तेल, शर्टाला सुताचा कापूस. म्हणाला, “ताई, घरी बीम बदलत होतो म्हणून उशीर झाला. बीमचं मूळ काय असेल ओ?” त्याच्या वहीत डाव्या पानावर आधीच चार वाक्यं होती: मागाचा बीम, छपराचा बीम, गाडीच्या दिव्याचा बीम, आणि टीव्हीवरच्या जिम्नॅस्टिकचा बीम. मी त्याला एवढंच सांगितलं की जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ झाड असा होता. तो बराच वेळ पेन तोंडात धरून बसला. मग म्हणाला, “आमचा जुना बीम लाकडाचाच होता, ताई. आजोबांचा. माळ्यावर ठेवलाय.” मी म्हटलं, उद्या वर्गात आणता येईल का बघ. तो म्हणाला एकट्याला उचलणार नाही, दोघं लागतील. मग दोघांना पाठवायचं ठरलं.